घरातील वास आणि घरातील हवा

परिसर अभ्यासात हवा हा घटक शिकविताना बहुधा मोकळ्या हवेचाच विचार केला जातो. हवेतील वायूंचे प्रमाण, वारा, वनस्पतींचे श्वसन, कारखान्यांचा व वाहनांचा धूर इतके सांगितले म्हणजे पाठ पुरा झाला असे वाटते. वस्तुतः तान्हे मूल, बाळंतीण, वृद्ध माणसे आणि स्वयंपाक करणारी स्त्री यांच्या दिवसाचा मोठा भाग चार भिंतींच्या आत जातो. त्यांच्या छातीत जाणारी हवा गावाची नसते, त्या घराची असते. या हवेकडे मुलांचे लक्ष वेधण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे वास. त्यासाठी उपकरण लागत नाही आणि पहिलीतले मूलही त्याविषयी बोलू शकते. मात्र नाकाची साक्ष कोठे ग्राह्य धरावी आणि कोठे धरू नये, याचा विवेक शिक्षकाजवळ आधीच असला पाहिजे. तो नसेल तर हा पाठ निरुपयोगी ठरेल. एवढेच नव्हे, तो अपायकारकही ठरू शकेल.

आरंभी एक साधा प्रयोग करावा. वर्गाची दारे-खिडक्या लावून चिरलेला कांदा ताटलीत ठेवावा. निम्मी मुले आत बसवावी व निम्मी पटांगणात खेळू द्यावी. दहा मिनिटांनी आतल्या मुलांस विचारावे. वास कमी झाला, असे बहुतेक सांगतील. मग बाहेरची मुले आत घ्यावी. ती उंबऱ्यातच नाक मुरडतील. कांदा तोच, ताटली तीच, हवाही तीच, फरक पडला तो केवळ नाकांत. नाकपोकळीच्या वरच्या भागातील गंधग्राही पेशींवर एकच वास सतत आदळत राहिला की त्यांचा प्रतिसाद मंदावतो आणि मेंदूही त्याची दखल घेणे सोडून देतो. नव्याने येणारा वास चटकन् कळावा म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. परंतु तिचा परिणाम असा होतो की ज्या घरात जो वास नित्याचा, तो त्या घरातील माणसांस येतच नाही. पाहुण्यास येतो, शेजाऱ्यास येतो आणि शाळेत शेजारी बसणाऱ्या मुलासही येतो.

येथे शिक्षकाने विशेष सावध राहावे. ‘तुमच्या घरात कसला वास येतो?’ हा प्रश्न वर्गात विचारू नये. ज्यास विचारला त्यास उत्तर ठाऊक नसते, आणि इतरांस ते ठाऊक असते. मेंढपाळाचे मूल, मासळी सुकविणाऱ्या घरातले मूल, कातडीकाम करणाऱ्याचे मूल, चुलीजवळ बसून अभ्यास करणारे मूल यांच्या कपड्यांना आपापल्या घरचा वास असतो. आपल्याकडे वासाच्या निमित्ताने माणसांची प्रतवारी लावण्याची खोड फार जुनी आहे. तिला आरोग्याच्या पाठाचा आधार मिळाला असे कदापि होता कामा नये. सदऱ्याला धुराचा वास येतो याचा अर्थ ते मूल धुरात बसते, एवढाच. ते अस्वच्छ आहे असा त्याचा अर्थ नव्हे. पुष्कळदा तो सदरा आदल्या दिवशी धुतलेला असतो आणि चुलीवरच्या दोरीवर वाळलेला असतो. यास्तव पाठाचा विषय म्हणून कोणाचेही घर न घेता शाळेचीच खोली घ्यावी.

वास म्हणजेच रोग, ही समजूत एके काळी मोठमोठ्या वैद्यांचीही होती. कुजणाऱ्या पदार्थांतून दूषित वाफ निघते व तीच पटकी आणि ताप आणते, असे युरोपात शतकानुशतके मानले गेले. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ आली. जॉन स्नो या डॉक्टराने मृतांची घरे नकाशावर मांडली आणि रोग वाऱ्याने येत नसून एका पंपाच्या पाण्यातून येतो असे दाखविले. बहुतेकांस ते पटले नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी इतकी असह्य झाली की पार्लमेंटच्या इमारतीचे पडदे चुन्याच्या क्लोराइडात भिजवून लावावे लागले. त्यानंतर सरकारने जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याकडून शहराची भुयारी गटारे बांधून घेतली. गटारे झाली ती वासाच्या भीतीने, पण त्यांनी पिण्याचे पाणी मैल्यापासून दूर नेले आणि पटकी हटली. १८६६ ची अखेरची मोठी साथ शहराच्या पूर्व भागात आली, जेथे ही व्यवस्था अद्याप पुरी झालेली नव्हती. विचार चुकीचा आणि कृती उपकारक असा हा चमत्कारिक योग होता. स्वच्छतेच्या पाठात मुलांस तो गोष्टीसारखा सांगता येतो.

त्याच १८५८ साली म्युनिक येथे मॅक्स फॉन पेटेनकोफर याने राहत्या घरांतील हवेविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. माणसे दाटीने बसलेल्या बंद खोलीत हवा ‘कोंदट’ का वाटते, हा त्याचा प्रश्न होता. उच्छ्वासात सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. खोलीतील हवेत त्याचे प्रमाण हजारात एक भागाच्या वर गेले की ती हवा वाईट समजावी, असे माप त्याने ठरविले. एवढ्या अल्प प्रमाणात हा वायू विषारी नसतो हे त्यास माहीत होते. खोलीत बाहेरची हवा किती कमी येत आहे, याची ती केवळ खूण होय. आजही बंद इमारतींतील हवा तपासणारे तज्ज्ञ या मापाच्या आसपासच राहतात. चाळीस मुले बसलेल्या आणि खिडक्या लावलेल्या वर्गात तिसऱ्या तासाला मुले जांभया देऊ लागतात, तेव्हा दोष नेहमी पाठाचाच असतो असे नाही.

आता खेड्यातील घराकडे वळू. तेथील हवेचा मुख्य शत्रू चुलीचा धूर होय. घरातील धूर व तत्सम प्रदूषणाने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले व त्यांत पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक बालके होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लहान मुलांचा न्यूमोनिया, मोठ्यांचा दीर्घकालीन श्वासरोग, हृदयविकार, फुप्फुसाचा कर्करोग, मोतीबिंदू हे सर्व या धुराच्या खाती जमा आहेत. धुरातील जे कण डोळ्यांत पाणी आणतात ते तुलनेने मोठे असतात. अधिक घातक ते अडीच मायक्रोमीटरहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे. नाकातील केस व घशातील ओलावा त्यांस अडवू शकत नाही. ते फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. बाभळीच्या वाळल्या जळणाचा वास खरपूस व गोड, गोवरीचा उग्र, तुराट्या-पऱ्हाट्यांचा आणखी निराळा. पण वास आवडता असला म्हणून त्या धुरात असे कण नसतात असे नाही.

याबाबत गेल्या दोन पिढ्यांत घरांच्या बांधणीत झालेला बदल शिक्षकांनी ध्यानात घ्यावा. कौलारू घरातील धूर कौलांच्या फटींतून निघून जाई. माळवदाच्या घराला चुलीच्या वर सवणे ठेवलेले असे. धुराने वासे काळे होत, त्यांना भुंगा लागत नसे, आणि घरातील माणसे खोकत असत. हे घर आरोग्याचे होते असे म्हणण्याचे कारण नाही, परंतु त्यास धूर बाहेर सोडण्याची वाट होती. पुढे स्लॅब आला. सवणे बुजले, फटी गेल्या, चूल मात्र कित्येक घरांत तीच राहिली. पक्के घर हे सर्व बाबतीत कच्च्या घराहून चांगले, हे मुलांच्या मनात इतके ठसलेले असते की या एका बाबतीत ते वाईट ठरू शकते हे त्यांस मुद्दाम दाखवावे लागते.

धूर बाहेर काढणारी चूल ही कल्पना नवी नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडीतून निघालेली धुराड्याची मगनचूल जुन्या ग्रामसेवकांच्या परिचयाची होती. पुढे १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमही झाला. धुराडे वेळच्या वेळी झाडले नाही तर काजळीने तुंबते आणि धूर पुन्हा घरात येतो, ही या चुलींची मोठी अडचण ठरली. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅसजोडण्या पुष्कळ घरी पोहोचल्या. तरीही भाकरीसाठी, पाणी तापविण्यासाठी आणि सिलिंडर संपल्यावर चूल पेटतेच. त्यास हसू नये. पाणी तापविण्याची चूल परड्यात नेणे, ओले जळण न घालणे, स्वयंपाक चालू असता तान्हे मूल कडेवर किंवा जवळच्या झोळीत न ठेवणे, समोरासमोरच्या दोन वाटा उघड्या ठेवणे, एवढे तरी बहुतेक घरांस पेलते.

धुराला निदान रूप आणि वास आहे. पेटलेल्या कोळशाच्या निखाऱ्यास तेही नाही. बाळंतिणीच्या खोलीचे उदाहरण घ्यावे. सव्वा महिना दारे-खिडक्या बंद, फटींना चिंध्या, बाजेखाली शेगडी, वर ओवा, बाळंतशेपा, लसणीची टरफले यांची धुरी. या प्रथेत मायेचा व अनुभवाचा भाग आहे. नवजात बालकास उबेची गरज असते हे वैद्यकासही मान्य आहे. परंतु कोळसा अपुऱ्या हवेत जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्यास रंग नाही, चव नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहूनही अधिक ओढीने या वायूस धरून ठेवते, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर प्राणवायूवाचून राहते. आधी डोके दुखते, मग मळमळ, मग गुंगी येते. ओव्याच्या धुरीचा वास ओसरला म्हणजे खोली निवळली असे घरच्यांस वाटते आणि दार तसेच लावलेले राहते. वास्तविक धुमसणारी शेगडी राख धरूनही तासन् तास हा वायू सोडीत असते. थंडीत शेगडी आत घेऊन झोपलेली सबंध कुटुंबे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या उत्तर भारतातून दर हिवाळ्यात येतात.

एकाच घरातील सर्वांचे एकाच वेळी डोके दुखू लागले व बाहेर अंगणात आल्यावर बरे वाटले, तर ती या वायूची खूण समजावी. अशा वेळी माणसास प्रथम मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आई-आजींच्या सभेत हा विषय काढताना ‘शेगडी बंद करा’ एवढेच सांगून भागत नाही. कापड बाहेर शेकून आणावे, बाळास आईच्या उघड्या अंगाशी धरून वरून पांघरूण घालावे, खिडकीची एक झडप उघडी ठेवावी, असा उबेचा दुसरा मार्ग त्याबरोबर सांगितला तर ऐकले जाते.

ज्या वायूस वास नाही त्यास माणसाने मुद्दाम वास दिल्याचेही उदाहरण आहे, आणि ते एका शाळेच्या इतिहासातील आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावी १८ मार्च १९३७ रोजी शाळेच्या तळघरात साचलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला. हा वायू उष्णतेसाठी शाळेत आणला होता आणि तो गळत असल्याचे कोणास कळले नाही, कारण त्यास वास नव्हता. यंत्राची एक ठिणगी पुरली. सुमारे तीनशे मुले व शिक्षक मृत्यू पावले. त्यानंतर अशा वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याचे कायदे झाले. आपल्या सिलिंडरमधील गॅसचा सडक्या कोबीसारखा वास मूळचा नव्हे, तो ईथाइल मरकॅप्टनचा. हा वास आला तर दिव्याचे बटण लावू नये, तसेच चालू असलेले बंदही करू नये. काडी ओढू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे उघडावी आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. हा गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून केवळ वरचा झरोका उघडून तो जात नाही, दार सताड उघडावे लागते. हा क्रम चौथीच्या मुलांकडून पाढ्यासारखा पाठ करून घेण्यास हरकत नाही.

शौचकुपाच्या टाकीतील हायड्रोजन सल्फाइड वायूची तऱ्हा आणखी फसवी आहे. अल्प असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण घातक झाले की गंधग्राही पेशीच बधिर होतात आणि वास गेला असे वाटते. वास गेला म्हणून टाकीत उतरलेला माणूस, आणि त्यास काढावयास उतरलेला दुसरा, दोघेही गेल्याच्या घटना आपल्याकडे वारंवार घडतात. मुलांस इतकेच सांगावे की झाकण उघडलेल्या टाकीजवळ जायचे नाही, आणि कोणी आत पडल्यास आत न उतरता ओरडून मोठ्यांस बोलवायचे.

याखेरीज जे नित्याचे वास आहेत त्यांबाबत एकच पद्धत उपयोगी पडते. वास झाकू नये, त्याचा उगम शोधावा. मोरीला वास येतो तेव्हा घरोघरी फिनेल ओततात. शौचालयाच्या भांड्याखाली किंवा मोरीच्या नळीत जे वाकण असते त्यात पाणी साचून राहते, आणि ते पाणीच गटारातील वायू अडविते. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे पाणी आटते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा शौचालयास जो वास येतो त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते आणि उपाय एक बादली पाणी. पाणी ओतूनही वास राहिला तर टाकीची हवेची नळी तुंबली आहे काय ते पाहावे.

पावसाळ्यातील कुबट वास बुरशीचा. भिंतीस ओल, ओल्यावर बुरशी, आणि बुरशीचे सूक्ष्म बीजकण हवेत, असा हा क्रम आहे. ओलसर घरात राहणाऱ्यांस दमा व खोकल्याचा त्रास अधिक होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या आपल्या मार्गदर्शिकेत नमूद केले आहे. पोपड्यांवर रंग दिल्याने वर्षभर बरे दिसते, पण पन्हळीचे पाणी जोत्याशी पडत असेल तर पुढच्या श्रावणात बुरशी पुन्हा येते. कोकणात तर कपडेही आतच वाळवावे लागतात, त्यास इलाज नाही. निदान उघडीप पडताच गोधड्या व वाकळी उन्हात घालाव्या.

वास झाकण्याचे जे पदार्थ आपण आणतो, त्यांचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. डासांची एक कॉइल पूर्ण जळाली की तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. मच्छरदाणी वापरली तर धूरच नाही. कपड्यांतील डांबरगोळ्या नॅफ्थलिनच्या असतात. ज्या बालकांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाच्या द्रव्याची जन्मजात उणीव असते त्यांच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात व कावीळ होते. म्हणून तान्ह्याची दुपटी त्यांत ठेवू नयेत. सर्वांत भयंकर त्या धान्यात ठेवण्याच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. त्यास लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, पण वास जाणवेपर्यंत थांबणे धोक्याचे. या गोळ्या घरात वापरण्यासाठी नाहीतच. ज्या खोलीत माणसे झोपतात तेथे त्या घातलेल्या धान्याची कोठी ठेवल्याने मुले दगावली आहेत. गहू कडक उन्हात वाळवून एरंडेल चोळणे, कडुनिंबाचा वाळला पाला घालणे ही जुनी रीत त्यापेक्षा पुष्कळ बरी. कपाशीच्या पट्ट्यात फवारणीच्या औषधांचे डबे माजघरात ठेवतात, त्यांसही हीच सूचना लागू आहे.

प्रत्यक्ष पाठासाठी दोन तास पुरेत. पहिल्या तासास कांद्याचा प्रयोग व त्यावरील बोलणे. दुसऱ्या तासास एक उदबत्ती घ्यावी. वारा पडलेला असताना, सकाळच्या गारव्यात, मुले बसलेल्या वर्गाचे दार वितीएवढे उघडे ठेवून ती आधी फटीच्या वरच्या टोकाशी व मग तळाशी धरावी. वर धूर बाहेर जातो आणि खाली आत येतो. उबदार हवा वरून निघते व गार हवा खालून शिरते, हे मुलांस डोळ्यांनी दिसते. एवढे झाले की उदबत्ती विझवावी. पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात चूल असेल तर खोबरेल लावलेला पांढरा कागद तेथे एक दिवस टांगावा, दुसरा वर्गात आणि तिसरा पटांगणातील झाडास. संध्याकाळी तिन्ही शेजारी ठेवावे. नंतर मुलांनी शाळेच्या खोल्यांचा आराखडा काढून हवा कोठून येते व कोठून जाते ते बाणांनी दाखवावे. ज्या खोलीत एकच बाण निघेल ती खोली तांबड्या खडूने रंगवावी. तो आराखडा शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील बैठकीत मुलांनीच मांडावा, आणि तांबड्या खोलीस दुसरी खिडक कोठे पाडता येईल हे गवंड्यास विचारून त्यावर लिहावे.